धातूंचा डोळस अभ्यासक

जर्मनी व बोहेमिया यांच्या सीमेवर डोंगरांची एक लांब रांग आहे. तिच्या पोटात चांदी व कथील विपुल सापडत असल्यामुळे लोक तिला धातुपर्वत म्हणू लागले. ह्या पर्वताजवळील ग्लाउखाउ गावी १४९४ साली जॉर्ज ॲग्रिकोला याचा जन्म झाला.

लाइपझिग येथे भाषांचे अध्ययन करून पुढे त्याने इटलीत वैद्यकाचे शिक्षण घेतले. १५२७ साली तो बोहेमियातील योआखिमस्थाल ह्या खाणकामगारांच्या गावी वैद्य झाला. रोग्यांची सेवा आटोपली की तो खाणी व भट्ट्या पाहण्यास जाई. खाणीतील धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होत. कार्पेथियन पर्वतातील खाणींपाशी एकामागून एक सात पती गमावलेल्या स्त्रिया आहेत, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणूनच खाणीत स्वच्छ हवा कशी खेळवावी, ह्याचा त्याने कसून विचार केला.

त्या काळी धातूची शीर शोधण्यासाठी पुष्कळ लोक बेचक्याची काठी हाती धरून डोंगरावर हिंडत. काठी वळली की खाली धातू आहे, असे ते मानीत. ॲग्रिकोलाला हे पटेना. झरे तपासावेत, थंडीत कोणत्या पट्ट्यातील गवतावर दव गोठत नाही ते न्याहाळावे, असे त्याचे सांगणे होते. खडकांत आधी भेगा पडतात व मागाहून भूगर्भातील द्रवांमुळे त्यांत धातू साचतात, असे अनुमान त्याने काढले.

हे द्रव येतात कोठून, ह्याचा उलगडा पुढे झाला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी धातुपर्वताखाली तप्त शिलारस वर चढला आणि थिजून त्याचा ग्रॅनाइट झाला. थिजताना निघालेले उष्ण, क्षारयुक्त पाणी भेगांत शिरले व तेथे कथील साचले. म्हणून भूवैज्ञानिक आजही ग्रॅनाइटच्या माथ्याशी व कडांशी कथिलाचा शोध घेतात.

ॲग्रिकोलाने अनेक वर्षे खपून धातुविद्येवर १२ भागांचा लॅटिन ग्रंथ लिहिला व त्यासाठी अडीचशेहून अधिक चित्रे काढविली. चित्रांचे ठसे तयार होण्यास फार विलंब लागला. १५५५ साली तो मरण पावला. केमनिट्झ नगराचा तो अध्यक्ष राहिला होता. परंतु तो कॅथलिक पंथाचा म्हणून त्या नगरात त्याच्या देहाला जागा मिळाली नाही. तो त्साइट्स येथे नेऊन पुरावा लागला.

पुढच्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ खाणकामगारांचा मार्गदर्शक ठरला. ऐकीव गोष्टींपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणाऱ्या ह्या वैद्याचे नाव आज खनिजशास्त्राच्या आद्य पुरुषांत घेतले जाते.