डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि मुंबई विद्यापीठ

आपल्या गौड सारस्वत ज्ञातीतील विद्वानांची नामावली करू लागल्यास सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. प्राच्यविद्येचे महर्षी, संस्कृतचे प्रकांड पंडित, दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाचे संशोधक आणि प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ या नात्यांनी त्यांचा गौरव वारंवार झाला आहे व तो यथार्थच आहे. परंतु विद्यापीठाच्या कारभारात त्यांनी जे लक्ष घातले व त्यापायी प्रसंगी जो लोकापवाद पत्करला, त्याची हकीकत आपल्या घराघरांत फारशी ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचे हे अंग येथे विशेषेकरून मांडण्याचे योजिले आहे.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून असल्यामुळे घरची स्थिती बेताचीच होती. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेतील अभ्यास आटोपून ते १८५३ साली मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. तेथे दादाभाई नौरोजींसारखे गुरू त्यांना लाभले. पुढे १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि रामकृष्ण भांडारकर हे ते चौघे होत. दुसऱ्याच वर्षी भांडारकर एम. ए. झाले. विद्यापीठाचे बालपण आणि भांडारकरांचे तारुण्य अशा रीतीने एकमेकांच्या सोबतीने गेले. त्यामुळे त्या संस्थेविषयी त्यांना जी आस्था होती, ती पदामुळे उत्पन्न झालेली नव्हती.

त्या काळचे विद्यापीठ म्हणजे काय, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढील हकीकतीचा उलगडा होणार नाही. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ती केवळ परीक्षा घेणारी संस्था होती. अध्यापनाचे कार्य महाविद्यालये करीत. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई व पदव्या देई. मुंबईचे गव्हर्नर हे कुलपती असत आणि कुलगुरूंची नेमणूक सरकार दोन वर्षांसाठी करी. सर्व महत्त्वाचे ठराव सेनेट नामक सभेपुढे येत व दैनंदिन कारभार सिंडिकेट ही लहान समिती पाही. सेनेटचे सभासद, म्हणजे फेलो, बहुतांशी सरकारने नेमलेले आणि तहहयात असत. त्यांत न्यायाधीश, सरकारी अधिकारी, धनिक व्यापारी अशा प्रतिष्ठितांचा भरणा असे. ज्यांनी आयुष्यात एकही वर्ग शिकविला नाही, असे अनेक गृहस्थ कोणता विषय सक्तीचा असावा आणि उत्तीर्ण होण्यास किती गुण लागावेत, यावर मत देत. रत्नागिरीच्या अगर धारवाडच्या एखाद्या गरीब घरातील मुलाचे भवितव्य त्या सभागृहातील हात वर होण्यावर अवलंबून असे.

भांडारकर स्वतः हाडाचे शिक्षक होते. सिंधमधील हैदराबाद व नंतर रत्नागिरी येथील सरकारी शाळांचे ते मुख्याध्यापक झाले. संस्कृत शिकविण्याची सुबोध साधने नाहीत हे पाहून त्यांनी स्वतः दोन क्रमिक पुस्तके रचली. मार्गोपदेशिका आणि मंदिरान्तःप्रवेशिका ही त्यांची नावे. आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्यांनी संस्कृतचा श्रीगणेशा याच पुस्तकांवरून केला. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून केले. परंतु जागा कायम भरण्याची वेळ आली, तेव्हा १८७३ च्या सुमारास ती पीटर पीटर्सन या युरोपीय विद्वानाकडे गेली. गुणवत्ता सिद्ध करूनही एतद्देशीयाने मागे राहावे, असा तो काळ होता. भांडारकरांनी मात्र आपला व्यासंग तिळमात्र ढळू दिला नाही. १८७७ साली विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी भाषाशास्त्रावर दिलेली व्याख्याने आजही प्रमाण मानली जातात. अखेर १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची कायम नेमणूक झाली. १८८५ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी अर्पण केली आणि १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित राहिले.

१८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. दुर्दैवाने १ सप्टेंबर १८९३ रोजी वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून ते पद भांडारकरांकडे आले व १८९५ पर्यंत त्यांनी ते भूषविले. लागोपाठ दोन हिंदी कुलगुरू आपल्याच ज्ञातीतून लाभावेत, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. तथापि याहून मोठा अर्थ त्या नेमणुकीत होता. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षांना ते विद्यार्थी म्हणून बसले, त्याच विद्यापीठाच्या शिरोभागी आता ते आरूढ झाले. आणि तेही उभा जन्म विद्यार्थ्यांमध्ये घालविलेला अध्यापक या नात्याने.

भांडारकरांच्या निर्णयपद्धतीचे मर्म त्यांच्या संशोधनात सापडते. पुरावा तपासावा, तो सांगेल ते स्वीकारावे आणि मग लोक काय म्हणतील याची क्षिती बाळगू नये, असा त्यांचा बाणा होता. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रण माजले असता त्यांनी धर्मशास्त्रातील आधार काढून सुधारणेचा पक्ष सप्रमाण मांडला. त्याच वर्षी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून त्यांनी ज्ञातिबांधवांचा रोषही ओढवून घेतला. आज त्यांच्या नावाने आपण मान ताठ करतो. त्या वेळी आपल्यापैकीच अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली होती, हे सत्य या स्मरणिकेत नमूद करणे आपले कर्तव्य आहे.

त्यांच्या या स्वभावाची खरी कसोटी १९०४ साली लागली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये विद्यापीठ आयोग नेमला आणि त्यानंतर विद्यापीठांच्या पुनर्रचनेचे विधेयक आणले. सेनेटच्या सभासदांची संख्या मर्यादित करावी, त्यांची मुदत पाच वर्षांची असावी, सिंडिकेटमध्ये अध्यापकांस स्थान असावे आणि महाविद्यालयांस संलग्नता देताना कसून तपासणी व्हावी, अशी त्यात योजना होती. परंतु मोठ्या विद्यापीठांच्या शंभरपर्यंतच्या सेनेटमध्ये निवडणुकीने भरावयाच्या जागा वीसच होत्या. बहुतेक नेमणुका सरकारच्या हाती राहणार होत्या आणि विद्यापीठाच्या नियमांत फेरफार करण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी या विधेयकास कडाडून विरोध केला. विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल आणि सुशिक्षित हिंदी लोकांचा आवाज त्यातून नाहीसा होईल, अशी त्यांची धास्ती होती. त्याच मंडळात सरकारने नेमलेले सभासद म्हणून बसलेले भांडारकर मात्र विधेयकाच्या बाजूने उभे राहिले.

यावरून त्यांना सरकारधार्जिणे ठरविणे सोपे होते, आणि तसे ठरविणारे पुष्कळ निघाले. परंतु त्यांची भूमिका अध्यापकाची होती. मानाची खुर्ची म्हणून फेलोशिप वाटल्याने सेनेट फुगत जाते, अभ्यासाचे प्रश्न त्या विषयांचे ज्ञान नसलेल्यांच्या मतांवर ठरतात आणि पदवीची किंमत घसरते, हा दोष त्यांनी अनेक वर्षे जवळून पाहिला होता. विद्येचा कारभार विद्वानांकडे जावा, ही त्यांची तळमळ होती. उलट गोखले स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक होते व विद्येविषयी त्यांची कळकळ तितकीच प्रखर होती. पण परकी सत्तेच्या हाती नेमणुकीचे शस्त्र गेले की विद्वान निवडले जातील याची हमी काय, हा त्यांचा प्रश्न होता. एकाने रोग ओळखला, दुसऱ्याने औषधातील विष ओळखले. २१ मार्च १९०४ रोजी विधेयक संमत झाले. सरकारच्या नव्या अधिकारांची प्रचीती लवकरच आली. त्या कायद्याखालील सरकारी आदेशांच्या वैधतेविषयी वाद उपस्थित झाल्यामुळे १९०५ मध्ये ते वैध ठरविणारा दुसरा कायदा करावा लागला. गोखल्यांची भीती अनाठायी नव्हती, हे यावरून दिसते. पण याच १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा दिली. तिच्या आधारे आशुतोष मुखर्जींनी कलकत्त्यास पदव्युत्तर अध्यापनाची इमारत उभारली आणि मुंबईतही १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग सुरू झाला. भांडारकरांचा आशावादही सर्वस्वी फोल ठरला नाही.

१९११ साली त्यांस सर हा किताब मिळाला. १९१२ मध्ये पुण्यास भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यास स्थापन झाली आणि आपला अमोल ग्रंथसंग्रह त्यांनी तिला अर्पण केला. याच संस्थेने हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास गेली. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या सुमारास, या ज्ञानवृद्ध पुरुषाने पुण्यात देह ठेवला.

जातिभेद हा समाजाच्या प्रगतीतील धोंडा होय, असे मानणाऱ्या पुरुषाचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत छापताना आपण थोडे अंतर्मुख व्हावे, हेच उचित. ते आपले होते म्हणून मोठे झाले नाहीत; सत्यापुढे त्यांनी आपपर पाहिले नाही म्हणून ते मोठे झाले. आपल्या कुटुंबांतील कित्येक तरुण-तरुणी आज महाविद्यालयांत शिकत व शिकवीत आहेत. त्यांच्यापैकी कोणावर अभ्यासमंडळात अगर विद्यापीठाच्या सभेत बसण्याचा प्रसंग आला, तर मत देण्यापूर्वी विषयाचा पुरा अभ्यास करावा, प्रतिपक्षाच्या शंकेस मान द्यावा आणि हात वर करताना त्या निर्णयाखाली येणारा दूरच्या गावचा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवावा. डॉ. भांडारकरांच्या पुण्यस्मृतीस याहून योग्य अशी आदरांजली दुसरी नाही.