दोन सेंटचे नाणे आणि डॉ. भाऊ दाजी

वरळी नाक्याजवळ आमच्या एका मित्राचे घर आहे. महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा नाणेवेडे तिथे जमतो. वहिनींचे पोहे होतात, दुसरा चहा येतो, मग टेबलावर मऊ कापड अंथरले जाते आणि खिशातून, डब्यांतून, पुडक्यांतून नाणी बाहेर पडतात. परवाच्या बैठकीचा मान अमेरिकेचा होता. मित्राचा भाचा न्यू जर्सीहून सुटीला आला होता, त्याने मामासाठी तीन नाणी आणली होती. १८८१चा चांदीचा मॉर्गन डॉलर, दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी पाडलेला १९४३चा पोलादी सेंट आणि १८६४चे दोन सेंटचे तांबूस नाणे.

नाणी आली की प्रतवारी आलीच. भिंग हातोहात फिरू लागले. अमेरिकन नाण्यांना एकपासून सत्तरपर्यंत गुण देण्याची पद्धत आहे. विल्यम शेल्डन नावाच्या संग्राहकाने १९४९ साली ती मांडली. डॉलरवर स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस किती झिजले, गरुडाच्या छातीवरची पिसे किती उरली, यावर भाव ठरतो. दोन सेंटच्या नाण्याची परीक्षा आणखी गमतीची. देवावर आपला भरवसा आहे, अशा अर्थाचे बोधवाक्य अमेरिकन नाण्यांवर प्रथम आले ते याच नाण्यावर. त्यातला 'वुई', म्हणजे 'आपण', हा शब्द लवकर झिजतो. तो स्पष्ट दिसला तर प्रत वरची. एकाने 'व्हेरी फाइन' म्हटले, दुसऱ्याने नुसते 'फाइन'. वाद रंगला.

माझे लक्ष मात्र सालाकडे होते. १८६४! अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. घाबरलेल्या लोकांनी सोन्या-चांदीची नाणी दडवून ठेवली होती आणि सुट्या पैशांसाठी टपालाची तिकिटे चालवायची पाळी आली होती. तिथे नाणी दिसेनाशी झाली आणि इकडे आपल्या मुंबईत पैशांचा पूर आला. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना. त्याची जागा आपल्या कापसाने घेतली. त्या पुरात जे न्हाले आणि बुडालेही, त्यांत मुंबईचा एक थोर नाणेसंग्राहक होता. डॉ. भाऊ दाजी लाड. राणीच्या बागेतले संग्रहालय त्यांच्या नावाचे आहे, माटुंग्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण हा माणूस नाण्यांपाशी किती रमला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. १८२२च्या सुमारास गोव्यातल्या मांद्रे गावी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी. मुंबईत आल्यावर वडील मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवीत. मुलगा बुद्धिबळात भल्याभल्यांना हरवी. ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकवा असे वडिलांना सांगितले, अशी हकीकत आहे. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातल्या बालहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. मग ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा भाऊ पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि १८५१ साली त्यांनी दवाखाना थाटला. हाताला गुण होता. बघता बघता बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा शहरातला नामांकित डॉक्टर झाला.

डॉक्टरकीवर थांबेल असा हा माणूस नव्हता. १८५२च्या बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत भाऊ पुढे, मुलींच्या शाळांसाठी भाऊ पुढे, संग्रहालयासाठी निधी जमवायलाही भाऊच. १८६२ साली गाजलेल्या महाराज खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने साक्ष द्यायला ते उभे राहिले. बड्या धर्मगुरूविरुद्ध कोर्टात बोलणे त्या काळी सोपे नव्हते.

या साऱ्या धबडग्यात भाऊंचा जीव गुंतला होता तो जुन्या लेखांत आणि नाण्यांत. अजिंठ्याचे लेख, जुनागढचा रुद्रदाम्याचा शिलालेख यांवर त्यांनी काम केले आणि टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत निबंध वाचले. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाणे व्यवसायामुळे जमेना. तेव्हा जुनागढचा एक तरुण त्यांनी हाताशी धरला. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी. भाऊ खर्च करीत, भगवानलाल देशभर हिंडून लेखांचे ठसे घेई, नाणी मिळवी. हाच तरुण पुढे मोठा संशोधक झाला आणि लायडन विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली.

भाऊंचा एक निबंध आम्हा नाणेवाल्यांनी तरी विसरू नये असा आहे. गुजरात-माळव्यावर राज्य करणाऱ्या पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी तुम्ही पाहिली असतील. जेमतेम दोन ग्रॅम वजनाची, नखाएवढी. एका बाजूला राजाचा चेहरा, त्याच्यामागे बारीक आकड्यांत साल. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचे व त्याच्या बापाचे नाव. त्या आकड्यांत आजच्यासारखी एकं-दहं नव्हती. वीसला वेगळी खूण, शंभरला वेगळी, दोनशेला वेगळी. लेण्यांतल्या लेखांमधले आकडे आणि या नाण्यांवरचे आकडे शेजारी ठेवून भाऊंनी ती कोडी सोडवायला घेतली. अंक लागले म्हणजे साले लागली, आणि साले लागली म्हणजे राजांची ओळ लागली.

इथे एक मौज सांगण्यासारखी आहे. त्या काळचे सगळे विद्वान या घराण्याला 'साह' राजे म्हणत. भाऊंच्या निबंधाच्या नावातही तोच शब्द आहे. वास्तविक नाव होते 'सिंह'. पण नाणे हाताने ठोकताना चकती छोटी पडे, मग अक्षरावरची वेलांटी आणि अनुस्वार काठाबाहेर जात किंवा पुसट उमटत. उरलेल्या अक्षरांवरून विद्वानांनी नवेच घराणे उभे केले. पुढे खूप नाणी एकत्र पाहिली, एकावर कापलेले दुसऱ्यावर सापडले, तेव्हा चूक उमगली. यंत्रावर पाडलेले अमेरिकन नाणे एकटेच पुरे असते, कारण त्याची सारी भावंडे तंतोतंत सारखी. क्षत्रपांचे नाणे एकटे असले तर अर्धे मुके असते. त्याला दुसऱ्याच्या डब्यातले नाणे हवे असते.

भाऊंच्या आयुष्यातला उलटा फेरा आला तो १८६५ साली. कापसाच्या पैशाने मुंबई शेअरांच्या नादी लागली होती. बँका, समुद्र हटवण्याच्या कंपन्या, कागदावरच्या योजना, सगळ्यांचे भाव आकाशाला भिडले होते. एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि १ जुलैला सौद्यांचा हिशेब चुकवायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. भाऊंचीही फार मोठी रक्कम बुडाली. एवढा शहाणा माणूस त्या लाटेत कसा सापडला, याचे मला नेहमी नवल वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीचा तुकडा पारखणाऱ्याला समोरचा कागद पारखता आला नाही!

आणखी एक गोष्ट बोचते. कुष्ठरोगावर भाऊंनी कडू कवठाच्या तेलाचा प्रयोग चालवला होता. रोग्यांना गुण येत होता. पण पुरती खात्री होईपर्यंत औषध उघड करायचे नाही, असे त्यांचे धोरण होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. नाण्यांवरचे अक्षर न् अक्षर छापून मोकळा करणारा हा माणूस औषधाच्या बाबतीत मात्र मूठ झाकून बसला. डॉक्टरची सावधगिरी म्हणावी, की आणखी काही? माझा कल सावधगिरीकडे आहे, पण तेवढा काळ वाट पाहणाऱ्या रोग्यांचाही विचार मनात येतोच.

पैसा गेला तरी भाऊंचे काम थांबले नाही. १८६९ आणि १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७२च्या मे महिन्यात संग्रहालयाची इमारत लोकांना खुली झाली. ३१ मे १८७४ रोजी जेमतेम पन्नाशीत भाऊ गेले. १८७५ नव्हे, १९७५ उजाडले तेव्हा कुठे त्या संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले. शेअरांचे कागद रद्दी झाले. नाण्यांवरचे त्यांचे निबंध अभ्यासकांना अजून उघडावे लागतात.

हे सगळे मी त्या रविवारी ओघात सांगत गेलो. आमच्यात एक वयस्कर काका आहेत, ते येतात, पाहतात, पण स्वतःचा डबा सहसा उघडत नाहीत. झिजक्या नाण्यांना कोण गुण देणार, असे त्यांना वाटत असावे. त्यांचे काय चुकले म्हणा! लहानपणी आजोबांनी दिलेले एक जुने नाणे मी चिंच-रांगोळीने घासून लख्ख केले होते. चकाकी आली आणि अक्षरे गेली. तेव्हापासून मीही चकाकीचेच हिशेब करीत आलो.

काकांनी हळूच डबा उघडला. क्षत्रपांचे एक काळपट नाणे काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवले. माझ्यावर बापाचे नाव आहे, वीरदामन. पुढचे सारे काठाबाहेर. काकांच्या नाण्यावर बापाचे नाव गेलेले, पण मधले 'पुत्र' शाबूत आणि पुढे स्वच्छ अक्षरे, रुद्रसेन. चेहऱ्याची ठेवणही जुळती. वीरदामनाचा मुलगा रुद्रसेन, म्हणजे दुसरा रुद्रसेन, तिसऱ्या शतकातला! वहिनीसुद्धा भिंग घेऊन पाहून गेल्या.

पक्के म्हणायला तिसरे नाणे हवे, असे काका म्हणाले. पुढच्या रविवारी सगळ्यांनी आपापले डबे आणायचे ठरले आहे, झिजकी नाणी आधी काढायची या अटीवर.