विष्णुपंत छत्रे : भारतीय सर्कशीचे जनक

सर्कस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोठा तंबू, विदूषक आणि चाबकाच्या आवाजावर उडी मारणारा वाघ! पण आपल्याकडे सर्कस उभी राहिली ती घोड्यांच्या आणि कसरतीच्या बळावर. कशी ते पाहू या.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. गाणं आणि घोडे, ही त्यांची दोन वेडं. त्यासाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठलं. तिथे ते हद्दू खाँ यांच्याकडे गाणं शिकले आणि अश्वविद्येतही तरबेज झाले. पुढे मुंबईत आलेली परदेशी सर्कस पाहून, हे आपल्यालाही जमलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. १८८० साली त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू केली. घोड्यांचे खेळ ते स्वतः करत.

सर्कस गावोगाव फिरू लागली. केरळमधील तलश्शेरी येथे त्यांना कीलेरी कुन्हीकण्णन हे व्यायामशिक्षक भेटले. कुन्हीकण्णन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू घडवायला घेतले. पुढे तलश्शेरी हे भारतीय सर्कशीचं माहेरघरच बनलं.

नंतरच्या काळात देशातल्या अनेक सर्कशींची जाहिरात वाघ-सिंहांच्या नावावर होऊ लागली. आता नीट विचार करा. घोडा हजारो वर्षांपासून माणसाळलेला. वाघ मात्र जंगलात एकटा, मैलोन्‌मैल फिरणारा आणि आगीपासून लांब राहणारा. त्याला पिंजऱ्यात कोंडून जळत्या कड्यातून उडी मारायला लावायचं, तर तो आपखुशीने थोडाच मारणार? त्यामागे चाबकाची भीती असते.

म्हणूनच १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. सर्कशीची गर्दी ओसरली, मालक अडचणीत आले, हेही खरं. पण झुल्यावरच्या कसरती अजूनही टाळ्या मिळवतात. ती विष्णुपंतांच्या काळातली पुंजी आहे.

आता एक प्रश्न. झुल्यावरचा कलाकार आपणहून सराव करतो, पगार घेतो, नको वाटलं तर काम सोडून घरी जातो. यातलं वाघाला काय करता येत होतं? तुम्हाला काय वाटतं ते वहीत पाच ओळींत लिहा.