डेव्हिड डग्लस

डेव्हिड डग्लस (जन्म : स्कोन, स्कॉटलंड, २५ जून १७९९, मृत्यू : हवाई बेट, १२ जुलै १८३४) हे स्कॉटिश माळी व वनस्पतिसंग्राहक होते. थंड प्रदेशांतील उद्यानांत शोभेसाठी लावले जाणारे अनेक सदाहरित सूचिपर्णी वृक्ष त्यांनी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून ब्रिटनमध्ये आणले.

बालपण व शिक्षण

डग्लस यांचे वडील पाथरवट होते. शाळेत रमत नसल्याने त्यांना लहान वयातच स्कोन राजवाड्याच्या बागेत उमेदवारीला लावण्यात आले. पुढे १८२० मध्ये ते ग्लासगोच्या वनस्पतिउद्यानात आले. तेथे प्राध्यापक विल्यम हूकर यांनी त्यांचे गुण ओळखले व त्यांच्या शिफारशीवरून लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना १८२३ मध्ये संग्राहक म्हणून नेमले.

मोहिमा

ब्रिटनमध्ये मूळचे सूचिपर्णी वृक्ष तीनच : स्कॉट्स पाइन, यू आणि ज्युनिपर. ओक, बीच यांची पाने गळली की तेथील बाग कित्येक महिने उघडी पडते. वड-आंब्याच्या सावलीत वाढलेल्या मराठी वाचकाला या उणिवेची कल्पना सहज येणार नाही. ही उणीव ज्या वृक्षांनी भरून काढली, त्यांतले बरेच डग्लस यांच्या बियांतून वाढले.

जुलै १८२४ मध्ये निघालेले डग्लस केप हॉर्नला वळसा घालून एप्रिल १८२५ मध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचले. हडसन्स बे कंपनीचे फोर्ट व्हँकूव्हर हे ठाणे त्यांचा तळ होता. ऑक्टोबर १८२६ मध्ये ओरेगनच्या अंतर्भागात त्यांना शुगर पाइन सापडला. त्याचे हातभर लांबीचे शंकू फार उंचावर लटकलेले असल्याने त्यांनी ते बंदुकीने पाडण्यास सुरुवात केली. आवाज ऐकून आठ सशस्त्र आदिवासी तेथे आले. डग्लस बंदूक रोखून उभे राहिले. मग तंबाखूच्या बदल्यात शंकू गोळा करून आणण्यास सांगून त्यांना दूर पाठवले आणि हाती असलेले तीन शंकू घेऊन ते निसटले. १८२७ मध्ये रॉकी पर्वत ओलांडून, हडसन उपसागरमार्गे ते लंडनला परतले.

दुसऱ्यांदा पश्चिम किनाऱ्यावर गेले असता मात्र दैव फिरले. जून १८३३ मध्ये फ्रेझर नदीत त्यांची होडी फुटली; रोजनिशी आणि सुमारे ४०० वनस्पतींचे नमुने वाहून गेले. दृष्टीही अधू होत चालली होती. त्यानंतर ते हवाईला गेले. १२ जुलै १८३४ रोजी मौना केआ पर्वताच्या उतारावर, रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात त्यांचा मृतदेह आढळला. त्याच खड्ड्यात एक बैलही होता. हा अपघात की खून, याचा निर्णय आजही लागलेला नाही. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते.

उद्यानांतील वृक्ष

डग्लस फर, सिट्का स्प्रूस, नोबल फर, ग्रँड फर, पाँडेरोसा पाइन व माँटेरे पाइन हे त्यांनी ब्रिटनमध्ये आणलेले प्रमुख सूचिपर्णी होत. हे सर्व सारख्याच थंडीत टिकत नाहीत. माँटेरे पाइन सौम्य किनारी हवेतच फोफावतो व कडक हिमात मरतो. डग्लस फरचाही समुद्राकाठचा प्रकार कोवळा, तर रॉकी पर्वतातील निळसर पानांचा प्रकार अधिक काटक असतो. म्हणून बी कोठून आणले हे कडक हिवाळ्याच्या प्रदेशात फार महत्त्वाचे ठरते. अशा बागेत थंडीइतकाच कोरडेपणाही घातक असतो : जमीन गोठल्यावर मुळांना पाणी मिळत नाही, पण ऊन व वारा पानांतील ओल शोषत राहतात आणि पाने तांबूस होऊन करपतात. यासाठी जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी देऊन बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात.

डग्लस फर हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या खरा फर नव्हे. त्याच्या स्यूडोत्सुगा मेंझिसाय या शास्त्रीय नावात आर्चिबाल्ड मेंझीस यांचे स्मरण आहे. त्यांनी हा वृक्ष डग्लस यांच्या आधी पाहिला होता. डग्लस यांनी पाठवलेल्या बियांपासून वाढलेला एक डग्लस फर स्कोन राजवाड्याच्या आवारात, त्यांनी जेथे उमेदवारी केली तेथेच, उभा आहे.