केटे पाउलुस : हवाई कसरतींपासून पॅराशूटच्या कारखान्यापर्यंत

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या निरीक्षण बलूनमधून जीव वाचवण्यासाठी उडी घेणाऱ्या अनेक सैनिकांच्या पाठीशी ज्या पॅराशूटचा आधार होता, ते कोणा लष्करी अभियंत्याने घडवलेले नव्हते. शिवणकामावर उपजीविका करणाऱ्या आणि पुढे करमणुकीच्या उद्यानांत बलूनमधून उड्या मारून नाव कमावलेल्या केटे पाउलुस या स्त्रीने ते तयार केले होते. हवाई कसरतींच्या खेळाने त्यांना कीर्ती दिली आणि त्याच खेळाने त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जोडीदाराचा बळीही घेतला.

पाउलुस यांचा जन्म २२ डिसेंबर १८६८ रोजी जर्मनीच्या हेसेन प्रांतातील झेलहाउझेन या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. त्या शिवणकाम शिकल्या आणि त्यावरच आईसह गुजराण करू लागल्या. कापडाचा पोत, शिवणीची ताकद आणि घडीची शिस्त यांचे तेव्हा मिळालेले ज्ञान त्यांना आयुष्यभर पुरले.

हेरमान लाटेमान या बलूनवीराशी झालेल्या परिचयाने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बलूनचे उड्डाण ही युरोपातील शहरांची मोठी करमणूक होती. हलक्या वायूने भरलेला बलून हजारो प्रेक्षकांसमोर आकाशात चढे आणि त्यातून एखादा धाडसी माणूस पॅराशूटच्या साह्याने खाली येई. भारतातही या खेळाचे आकर्षण पोहोचले होते. कोलकात्यात रामचंद्र चटर्जी यांनी १८८९ मध्ये बलूनमधून उड्डाण केले आणि पुढच्याच वर्षी पॅराशूटने उडीही घेतली.

लाटेमान यांचे बलून आणि पॅराशूट शिवणे, फाटलेला भाग सांधणे हे पाउलुस यांचे सुरुवातीचे काम होते. मात्र केवळ जमिनीवर थांबणे त्यांना मानवणारे नव्हते. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः उड्डाण केले आणि पॅराशूटने उडीही मारली. स्त्रीने सर्वांसमक्ष आखूड विजार घालणे हेच जिथे धाष्टर्य मानले जाई, त्या समाजात ‘मिस पॉली’ या नावाने आकाशात झेपावणारी ही तरुणी लवकरच चर्चेचा विषय ठरली.

१७ जून १८९४ रोजी क्रेफेल्ड शहरातील प्रयोगाच्या वेळी दोघेही एकाच बलूनमधून वर गेले. ठरल्याप्रमाणे पाउलुस यांनी आधी उडी घेतली आणि त्यांचे पॅराशूट व्यवस्थित उघडले. त्यानंतर बलूनमधील वायू सोडून त्याच्याच कापडाची छत्री करून खाली उतरण्याचा लाटेमान यांचा बेत होता. पण ते कापड फुललेच नाही. पॅराशूटला लटकलेल्या पाउलुस यांच्यासमोरून लाटेमान वेगाने खाली कोसळले आणि मरण पावले. या आघाताला वर्ष उलटते न उलटते तोच, १८९५ मध्ये दोघांचा लहानगा मुलगा घटसर्पाने दगावला.

इतक्या थोड्या काळात सर्वस्व गमावलेली व्यक्ती या क्षेत्राकडे पाठ फिरवील, असेच कोणालाही वाटले असते. पाउलुस यांनी मात्र बलून पुन्हा हवेत नेला आणि पुढील दीड दशक हाच त्यांचा व्यवसाय राहिला. बलूनखाली टांगलेल्या सायकलवर बसून आकाशात फेरफटका मारण्यासारखे विलक्षण प्रयोगही त्या करीत. त्यांचा सर्वाधिक गाजलेला प्रयोग दुहेरी उडीचा होता. पहिले पॅराशूट उघडल्यानंतर त्या ते सोडून देत, पुन्हा काही क्षण खाली कोसळत आणि मग दुसरे पॅराशूट उघडे. त्यांच्या नावावर पाचशेहून अधिक बलून उड्डाणे आणि सुमारे दीडशे उड्या नोंदल्या गेल्या.

प्रेक्षकांना यात थरार दिसे. पाउलुस यांच्या दृष्टीने प्रत्येक उडी ही कापड, दोर आणि घडी यांची परीक्षा होती. त्या काळी पॅराशूट बहुधा बलूनच्या बाजूला वा खाली मोकळे लोंबत असे. वाऱ्याने ते गुरफटण्याचा धोका नेहमीचाच होता. पाउलुस यांनी ते ठरावीक पद्धतीने घडी करून पिशवीत बसवण्याची रीत विकसित केली. उडी मारणाऱ्याच्या वजनाने पॅराशूट पिशवीतून क्रमाने बाहेर ओढले जाई आणि आपोआप उघडे. उडी घेणाऱ्याला हाताने काहीही करावे लागत नसे.

विमाने आल्यावर बलूनच्या खेळांचा प्रेक्षक ओसरला. मात्र १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि पाउलुस यांच्या कौशल्याची गरज वेगळ्याच ठिकाणी निर्माण झाली. शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी दोन्ही बाजूंचे सैन्य दोराने जमिनीशी बांधलेले बलून उंच सोडत असे. टोपलीत बसलेला निरीक्षक दूरध्वनीवरून तोफखान्याला माहिती देई. हायड्रोजनने भरलेले हे बलून शत्रूच्या विमानांचे सोपे लक्ष्य होते. आग लावणारी गोळी लागताच बलून पेट घेई आणि निरीक्षकाच्या हाती मोजकेच क्षण उरत.

अशा प्रसंगी पाउलुस यांची रचना मोलाची ठरली. घडी केलेल्या पॅराशूटची पिशवी टोपलीच्या बाहेर टांगलेली असे आणि तिचा दोर निरीक्षकाच्या अंगावरील पट्ट्यांना जोडलेला असे. त्याने फक्त उडी टाकायची, एवढेच पुरेसे होते. पाउलुस यांनी बर्लिनच्या राइनिकेनडॉर्फ भागात उत्पादन उभारले आणि युद्धकाळात सैन्यासाठी सुमारे ७,००० पॅराशूट पुरवली. बलूनची आवरणेही तेथे शिवली जात. या कामगिरीबद्दल १९१७ मध्ये त्यांना युद्धसेवेचे पदक देण्यात आले. त्याच युद्धात ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना मात्र अखेरपर्यंत पॅराशूट मिळाले नाही, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या कामाचे महत्त्व ध्यानात येते.

युद्ध संपताच परिस्थिती पालटली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्यास मनाई केली आणि सैन्याकडून येणारी मागणी थांबली. त्यानंतर आलेल्या महागाईने उरलेसुरले हिरावून घेतले. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरची किंमत ४ लाख कोटी मार्कांच्याही पुढे गेली. जिवावर उदार होऊन केलेल्या उड्या आणि कारखाना यांतून पाउलुस यांनी साठवलेली पुंजी त्यात मातीमोल झाली.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये प्रसिद्धीपासून दूर काढली. २६ जुलै १९३५ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकेकाळी ज्यांना पाहण्यासाठी शहरे लोटत, त्यांचे नाव तोवर बरेचसे विस्मरणात गेले होते. नंतरच्या काळात जर्मनीत काही रस्त्यांना त्यांचे नाव देण्यात आले.

उडी घेणाऱ्याच्या वजनाने दोर ताणला जाऊन पॅराशूट आपोआप उघडावे, हे तत्त्व आजही वापरात आहे. आग्रा येथील प्रशिक्षण केंद्रात भारतीय लष्कराचे छत्रीधारी जवान विमानाला जोडलेल्या दोराच्या साह्याने उड्या घेतात, तेव्हाही पॅराशूटचे उघडणे त्याच तत्त्वावर आणि जमिनीवर कोणीतरी काळजीपूर्वक घातलेल्या घडीवर अवलंबून असते.