पॉवर स्टिअरिंगचे जनक फ्रान्सिस डेव्हिस

अवजड ट्रकचे स्टिअरिंग आज एका हाताने सहज फिरविता येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र त्यासाठी चालकाला खांद्यांचे सारे बळ पणाला लावावे लागे. हे कष्ट हलके करणारे अमेरिकी अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांना आपला शोध बाजारात आलेला पाहण्यासाठी तब्बल 25 वर्षे वाट पाहावी लागली.

डेव्हिस यांचा जन्म 1887 मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पिअर्स-अ‍ॅरो या मोटार कंपनीत दाखल झाले. तेथे ट्रक विभागाची धुरा सांभाळताना चालकांची दमछाक त्यांनी जवळून पाहिली. अखेर 1922 मध्ये ही मानाची नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम गावी स्वतःची कार्यशाळा थाटली.

तेलाच्या दाबाने चाके वळविण्याची कल्पना तशी नवी नव्हती. परंतु तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवल्यास गळती होई. डेव्हिस यांनी विचाराची दिशाच उलटी केली. त्यांच्या रचनेत झडपा एरवी उघड्या राहात आणि तेल मुक्तपणे फिरत राही. चालकाने स्टिअरिंग वळविले की झडप मिटत जाई व हवा तेव्हाच, हवा तेवढाच दाब निर्माण होई.

1926 मध्ये त्यांनी आपल्या पिअर्स-अ‍ॅरो मोटारीत ही यंत्रणा बसविली. ती पाहून जनरल मोटर्सने त्यांच्याशी करार केला. मात्र महामंदीच्या काळात हा खर्च परवडेनासा झाला आणि 1934 मध्ये करार संपुष्टात आला. डेव्हिस यांनी हार मानली नाही. दुसऱ्या महायुद्धात अवजड लष्करी वाहनांना या यंत्रणेची निकड भासली व युद्ध संपेपर्यंत ती हजारो वाहनांत बसविली गेली. पुढे 1951 मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल मोटारीत प्रथमच ग्राहकांना पॉवर स्टिअरिंग दिले, तेही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे! पुढल्याच वर्षी जनरल मोटर्सनेही ही सोय बाजारात आणली.

खडकाळ वाटांवर धावणाऱ्या जीपगाड्यांत आजही हीच रचना आढळते. मोठ्या टायरांसाठी त्यात अनेकदा जादा सिलिंडरही जोडतात. होज बदलताना आत शिरलेली हवा हा या यंत्रणेचा शत्रू. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते; त्यामुळे स्टिअरिंग हिसके देते, पंप कण्हू लागतो आणि उतारावर हे जिवावर बेतू शकते. म्हणून जाणता मेकॅनिक पुढची चाके जॅकवर उचलतो, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवितो आणि टाकीतील तेल कमी होऊ देत नाही. फिरणारे तेल बुडबुडे टाकीपर्यंत आणते व हवा तेथून निघून जाते. बुडबुडे थांबल्यावरच तो इंजिन सुरू करतो. येथे घाई केल्यास तेलाचा फेस होतो आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

डेव्हिस 1978 मध्ये निवर्तले. त्यांचे नाव आज फारसे कुणाच्या ओठी नाही. परंतु अवघड वळणावर सहज फिरणारे स्टिअरिंग ही त्यांच्याच चिकाटीची देणगी आहे.