चार्लस डिकन्सचें बालपण व ‘डेव्हिड कॉपरफील्ड’

विख्यात इंग्रज कादंबरीकार चार्लस डिकन्स याचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजीं पोर्टस्मथ येथें झाला. त्याचे वडील आरमाराच्या पगारखात्यांत कारकून होते. वृत्ति आनंदी, परंतु हात सढळ व मिळकत बेताची, यामुळें ते कर्जांत बुडाले व १८२४ सालीं लंडनमधील मार्शलसी तुरुंगांत पडले. त्याच सुमारास अवघ्या बारा वर्षांच्या चार्लसला बुटांस लावावयाच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत धाडण्यांत आलें. रोगणाच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्या, हें त्याचें काम; वेतन आठवड्यास सुमारें सहा शिलिंग. पुढें वडील सुटले व त्यांनीं त्यास शाळेंत घातलें. परंतु मुलानें कामावरच राहावें असें आईचें मत होतें, हें शल्य त्याच्या अंतःकरणांतून कधींच गेलें नाहीं.

हें दुःख त्यानें जगापासून लपविलें. मित्र जॉन फॉर्स्टर यास तें ठाऊक होतें. लोकांस मात्र डिकन्सच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरनें लिहिलेल्या चरित्रावरून कळलें. तथापि १८४९-५० मध्यें मासिक भागांनीं प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ कादंबरींत तेंच दुःख निराळ्या वेषानें वाचकांपुढें आलें होतें.

या कादंबरींत करुणरस कसा निर्माण होतो, हें पाहण्यासारखें आहे. दहा वर्षांचा पोरका डेव्हिड दारूच्या वखारींत बाटल्या धुतो. तो आक्रोश करीत नाहीं. खिशांतील पैसे मोजून आज कोणता खाऊ परवडेल याचा हिशेब करतो. तो हिशेब वाचतांना डोळे आपले भरून येतात. तेथेंच मिकॉबर भेटतो. कर्जापायीं तुरुंगांत जाणारा, तरी उद्यां दिवस पालटतील या आशेवर जगणारा हा गृहस्थ म्हणजे बव्हंशीं डिकन्सचे वडीलच. लेखकानें त्यांचा सूड घेतला नाहीं. उलट त्यांस वाचकांच्या लोभास पात्र केलें. हास्य व अश्रु असे शेजारीं ठेवल्यानें दोहोंचाही परिणाम वाढतो.

यार्मथच्या वादळाचा प्रसंग तर हृदय हेलावून सोडणारा आहे. स्टीअरफोर्थ यानें हॅमची वाग्दत्त वधू एमिली हिला फूस लावून नेलेलें असतें. पुढें फुटलेल्या गलबतावरील एका अनोळखी माणसास वांचविण्यासाठीं हॅम समुद्रांत उडी घेतो व प्राणास मुकतो. मागाहून किनाऱ्यास लागलेलें दुसरें प्रेत स्टीअरफोर्थचें निघतें. लेखक येथें उपदेशाचा एक शब्दही काढीत नाहीं.

९ जून १८७० रोजीं डिकन्स निवर्तला; त्याचें दफन वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें झालें. आपल्या सर्व कादंबऱ्यांत त्यास हीच अधिक प्रिय होती. विद्यार्थिमित्रहो, दुःख प्रत्येकाच्या वांट्यास येतें. त्याचें कडूपण इतरांवर ओतावें, कीं त्यांतून इतरांचें दुःख ओळखण्याची दृष्टि मिळवावी, याची निवड डिकन्सला बारा वर्षांचा असतां पडलेल्या घावानें आयुष्यभर करावयास लाविली. त्यानें काय निवडलें, तें ही कादंबरी सांगते.